टाकीतली बाई

टाकीतल्या बाईला घराबाहेर काढायचं, असं सिराजुद्दीनने एका सोमवारी सकाळी दुसरा चहा पिता पिता ठरवलं. पहिल्या चहाला त्याच्या मनात असलं काही नव्हतं.

बाई तशी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मुरुडच्या बाजारात अल्पेशच्या दुकानातून आणलेली एक पांढरी डबी हॉलच्या भिंतीवर लावलेली होती, आणि बाई त्या डबीत राहायची. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघून विहिरीवरची मोटर आपली आपण चालू-बंद करायची, हे डबीचं खरं काम. बोलणं वरचं. "नमस्कार. आपकी पानी की टंकी भर चुकी है. कृपया निश्चिंत रहिए. धन्यवाद." टाकी अर्धी झाली की अर्ध्याचं सांगायची, संपली की संपल्याचं, आणि विहिरीचं पाणी खाली जाऊन मोटर कोरडी फिरायला लागली की त्याचंही.

घराच्या मागे नारळी-पोफळीच्या वाडीत सिराजुद्दीनच्या लॉजच्या तीन खोल्या होत्या. समुद्रावरून परतणारा प्रत्येक टुरिस्ट अंगावर पावशेर वाळू घेऊन यायचा आणि ती धुवायला अर्धी टाकी लागायची. म्हणजे बाई दिवसातून आठ-दहा वेळा बोलायची. आणि ती बोलली की सिराजुद्दीन खुर्चीतून उठायचा. उठून करायचं काहीच नसायचं. "हां, हां," म्हणत तो डबीकडे बघायचा आणि परत बसायचा.

रहिमुन्निसाला खुपलं ते हेच.

"मागच्या दाराची बिजागरी निखळलीय, बघा म्हणून मी महिनाभर सांगतेय," ती म्हणाली. "ते तुमच्या कानात शिरत न्हाय. आणि ही भिंतीतली बाई एकदा बोलली की लगेच उठता."

"ती कृपया म्हणते," सिराजुद्दीन म्हणाला.

हे बोलायला नको होतं. (हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. बहुतेक गोष्टी त्याला याच सुमारास कळायच्या.) रहिमुन्निसा आत गेली आणि दुसरा चहा आला तो बिनसाखरेचा. मधुमेहामुळे साखर बंदच होती, पण रोज ती अर्धा चमचा तरी नजरेआड घालायची. तो अर्धा चमचा गेला म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

तेव्हा सिराजुद्दीनने मनाशी ठरवलं की बाईला काढायचं आणि तिच्या जागी साक्षात रहिमुन्निसाचा आवाज बसवायचा. गुपचूप. एक दिवस टाकी भरेल, भिंतीतून तिचाच आवाज येईल, आणि ती म्हणेल, जुनेराचे अब्बा, तुमी माझ्यासाठी एवढं केलंत? यापुढचं दृश्य त्याला साखरेसकट दिसत होतं.

तो अल्पेशच्या दुकानी गेला. अल्पेशने सरळ उपाय सांगितला. "सिराजभाय, बदलून घ्या ने. बझरवाला आलाय. नुसतं पीं करते. पीं कोणाला लागत नाय."

"बदलायला कशाला पाहिजे," सिराजुद्दीन म्हणाला. "आतला प्रोग्राम बदलला की झालं."

"तुम्हाला येते?"

"बहरीनला मी एकोणीस वर्षं कंट्रोल रूममध्ये होतो."

हे खोटं नव्हतं. कंट्रोल रूमची चावी एकोणीस वर्षं त्याच्याकडे असायची. सकाळी तो दार उघडायचा, संध्याकाळी लावायचा, मधल्या वेळात इंजिनियरांना चहा द्यायचा आणि कुठला दिवा लाल झाला की सगळे धावतात ते बघायचा. चावी हा शब्द त्याने मुरुडात कधी उच्चारला नव्हता, एवढंच. परत येताना त्यातल्या एका इंजिनियराने त्याला निरोपाची भेट म्हणून एक छोटी वस्तू दिली होती. एका टोकाला लॅपटॉपमध्ये खुपसायचा प्लग, दुसऱ्या टोकाला पाच रंगीत वायरी. चिपमधलं जुनं पुसून नवं लिहायचं यंत्र. सहा वर्षं ते कपाटात अत्तराच्या बाटल्यांशेजारी पडून होतं आणि त्यालाही आता अत्तराचा वास येत होता.

डबी भिंतीवरून उतरली, दुरुस्तीला म्हणून. तिच्या आत हिरव्या पाटीवर चिंचोक्याएवढी काळी चिप होती, आणि त्या चिंचोक्यातच सगळं होतं: मोटर कधी चालवायची ते, कधी थांबवायची ते, आणि बाई. इंटरनेटवर नेमका याच डबीचा एक व्हिडिओ सापडला. शिकवणाऱ्याचा चेहरा कधी दिसला नाही, फक्त दोन हात आणि एका बोटाला पट्टी. ते हात सांगत होते की चिपच्या आतल्या या जागेला फ्लॅश मेमरी म्हणतात, आणि वीज गेली तरी ती काही विसरत नाही. सिराजुद्दीनला हे लगेच समजलं. असल्या स्मरणशक्तीबरोबर त्याने एकतीस वर्षं संसार केला होता. पण या मेमरीची एक खोड होती. लिहिलेल्यावर तिच्यात दुसरं लिहिता येत नाही. आधी पुसायचं, मग लिहायचं. पुसायचं तेही अक्षर-अक्षर नाही, पानच्या पान.

जुनेरा, त्याची मुलगी, शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. ती संध्याकाळी घरी आली आणि डायनिंग टेबलावरचा तो पसारा बघून म्हणाली, "अब्बा, काही करण्याआधी चिपमधलं सगळं एकदा कॉपी करून ठेवा. बॅकअप."

"बॅकअप नवशिके घेतात," सिराजुद्दीन म्हणाला.

जुनेरा आत गेली. ती तिच्या आईची मुलगी होती.

आता प्रश्न आवाजाचा. रहिमुन्निसाला सांगून रेकॉर्ड करायचं तर गुपित फुटणार. पण सिराजुद्दीनकडे साठा होता. गेल्या वर्षी तिची बहीण पाय मोडून पडली तेव्हा रहिमुन्निसा चाळीस दिवस श्रीवर्धनला जाऊन राहिली होती, आणि त्या चाळीस दिवसांत तिने त्याला दोनशे बारा व्हॉइस मेसेज पाठवले होते. ते सगळे त्याच्या फोनमध्ये होते. फोन मध्येच सांगायचा की जागा संपली, काहीतरी काढा. त्याने स्वतःचे फोटो पुसले, बहरीनचे पुसले, पण या मेसेजांना हात लावला नव्हता. का, ते त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तीन दिवस तो माडाखाली बसून ते ऐकत होता. त्यातून त्याने टाकीला शोभतील असे चार निवडले.

टाकी भरल्यावर: "किती घ्याल अजून? पुरे झालं आता, ठेवा ते खाली." (हे शिऱ्याबद्दल होतं.)

टाकी अर्धी झाल्यावर: "अर्धं झालं. बाकीचं कधी होनार?" (हे खोल्यांच्या रंगाबद्दल.)

टाकी संपल्यावर: "समदं संपवलंत? जरा तरी लाज वाटू द्या." (नारळाच्या वड्या.)

आणि मोटर कोरडी फिरल्यावर: "नुसता आवाज. आत काय न्हाय." (त्याने दुरुस्त केलेला मिक्सर.)

पाण्याचं नाव कशातच नव्हतं, पण प्रत्येक वाक्य टाकीसाठीच जन्माला आल्यासारखं बसत होतं. आपली बायको चाळीस दिवस जे बोलली ते सगळंच एखाद्या यंत्राला लावता येईल, हे बघून त्याला तिच्याबद्दल फार आदर वाटला.

व्हिडिओतल्या हातांनी दाखवल्याप्रमाणे त्याने बाईची पानं पुसली आणि त्यांच्यावर रहिमुन्निसा लिहिली. दोन बारीकशा गोष्टी त्याच्या हातून राहिल्या. एक म्हणजे, "नमस्कार" आणि "धन्यवाद" हे शब्द चारही निरोपांना सारखेच, म्हणून ते चिपमध्ये वेगळ्या पानांवर ठेवलेले होते. ती पानं त्याने पुसलीच नाहीत. आणि दुसरी म्हणजे, शेवटचं एक पान जवळजवळ मोकळं दिसलं, तेव्हा तेही जाता जाता स्वच्छ करून ठेवलं. त्या पानावर डबीने किती मोठ्याने बोलायचं ते लिहिलेलं होतं. पुसलं की फ्लॅश मेमरीत शून्य राहत नाही, प्रत्येक घरात दोनशे पंचावन्न येतं, म्हणजे जास्तीत जास्त. हातांनी हे सांगितलं होतं, पण तेवढा भाग सिराजुद्दीनने पुढे पळवला होता. हात फार हळू बोलायचे.

घरात कळू नये म्हणून तपासणी त्याने कानात घालायच्या स्पीकरवर केली. "नमस्कार. अर्धं झालं. बाकीचं कधी होनार? धन्यवाद." कानात जरा खणखणलं, पण त्याचं सगळं लक्ष शेवटच्या शब्दाकडे होतं. रहिमुन्निसाने त्याला आयुष्यात पहिल्यांदाच धन्यवाद म्हटलं होतं. आवाज दुसऱ्या बाईचा होता, पण इतकं बारीक बघून चालत नाही.

रविवारी सकाळी त्याने डबी परत भिंतीवर चढवली. चढवायलाच हवी होती, कारण दिघीची मंडळी दुपारी जेवायला येणार होती.

दिघीची मंडळी म्हणजे काशिफाबी आणि तिचा मुलगा कैस. कैस दोहाला नोकरीला होता आणि तीन आठवड्यांच्या रजेवर आला होता. जुनेराने याआधी दोन स्थळं नाकारली होती. एकाला तिच्या शाळेचं वेळापत्रक मान्य नव्हतं आणि दुसरा पाणीपुरी खाताना मोठ्याने हसला होता. कैसशी ती दोनदा फोनवर बोलली आणि बोलून झाल्यावर तिने केस धुतले. रहिमुन्निसाने त्याचा अर्थ बरोबर लावला. "आजचा दिवस नीट पार पडू दे," ती सकाळपासून म्हणत होती, "मग मी काय मागनार न्हाय." आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी फक्त बसा. काय करू नका. बसलात तरी पुरे."

अकराच्या जंगल जेटीने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या फेरीबोटीने, खाडी ओलांडून मंडळी आगरदांड्याला उतरली आणि रिक्षाने बाराला दारात हजर झाली. काशिफाबी हाडापेराने मोठी, चांगलीच भरलेली बाई होती. तिच्यासाठी वेगळी रुंद खुर्ची ठेवावी लागली. नवऱ्याचं दिघीत किराण्याचं दुकान, ते बंद ठेवता येत नाही म्हणून तो आला नव्हता. कैस उंच, शांत, आणि भिंतीकडे बघत बसणारा मुलगा होता. सिराजुद्दीनला वाटलं, लाजतोय.

कोलंबीचा पुलाव, सुरमईच्या तळलेल्या तुकड्या, नारळाचं दूध आणि सांदणं असा बेत होता. त्याच वेळी मागच्या तीनही खोल्यांतले टुरिस्ट समुद्रावरून परत आले. बदलापूरचा ग्रुप होता, अकरा जणांचा. नळ सुटले, टाकी थोडी उतरली, मोटर चालू झाली, आणि टाकी पुन्हा काठोकाठ भरली. हॉलमध्ये काशिफाबीने नेमकं दुसरं सांदण उचललं होतं.

"नमस्कार," भिंत गरजली. खिडकीच्या काचा थरथरल्या. "किती घ्याल अजून? पुरे झालं आता, ठेवा ते खाली. धन्यवाद."

काशिफाबीने सांदण खाली ठेवलं.

रहिमुन्निसा स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंख्याखाली मासे तळत होती. तिला काही ऐकू गेलं नाही. ती सुरमईचं ताट घेऊन हसत बाहेर आली. "हे काय आपा, तुमी तर काय घेतलंच न्हाय. घ्या की."

काशिफाबीने तिच्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं आणि सांभाळून एक तुकडी उचलली. मागे कुणीतरी नळ उघडून बंद केला.

"नमस्कार. किती घ्याल अजून? पुरे झालं आता, ठेवा ते खाली. धन्यवाद."

यावेळी रहिमुन्निसा समोरच उभी होती, ओठ मिटून, आणि तिचाच आवाज घरभर घुमत होता. काशिफाबीने तुकडी ठेवली. रहिमुन्निसाने आधी स्वतःच्या तोंडाला हात लावून बघितला. मग ती काहीतरी पुटपुटली आणि तिने चहूकडे नजर फिरवली. ती नजर शेवटी सिराजुद्दीनवर येऊन थांबली. कुठेही सुरुवात झाली तरी ती शेवटी तिथेच थांबायची.

"तसं न्हाय, काशिफाबी," सिराजुद्दीन घाईघाईने म्हणाला. "ते तुम्हाला न्हाय. ते टाकीला म्हनतेय."

"टाकीला?" काशिफाबी म्हणाली.

"व्हय. टाकी पार काठोकाठ भरली ना, आता आनखी मावनार न्हाय, म्हनून."

काशिफाबीने आपल्या रुंद खुर्चीच्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"मला टाकी म्हनताय तुमी," ती हळूच म्हणाली.

"तुमाला कशाला म्हनेन? ती वर हाय. हजार लिटरची. तुमी..." तो थांबला. पुढचं वाक्य कुठल्याही बाजूने सुरू केलं तरी वाईटच होत होतं.

रहिमुन्निसाने प्रसंग सावरायचा प्रयत्न केला. तिने विषय बदलला. "आपा, दिघीला तुमी नवं घर बांधताय म्हनं. कुठवर आलं काम?"

"खालचं झालं," काशिफाबी ताठ बसून म्हणाली. "वरचा मजला हाय बाकी."

अकरा जणांपैकी नऊ जण आता एकाच वेळी डोकं धूत होते. टाकी निम्म्यावर आली.

"नमस्कार. अर्धं झालं. बाकीचं कधी होनार? धन्यवाद."

सिराजुद्दीन स्टुलावर चढला आणि त्याने डबीचा प्लग ओढून काढला. डबीवरचा हिरवा दिवा विझून पिवळा लागला. वीज गेली तरी बंद न पडणारी, आत बॅटरी असलेली डबी अल्पेशकडून त्याने मुद्दाम मागून घेतली होती. (मोटरची लाइन वेगळी, त्यामुळे प्लग काढूनही ती चालूच होती. तीही सोय त्यानेच करून घेतली होती.) मग त्याने दिवाणावरची उशी उचलली, डबीवर दाबली आणि स्टुलावर तसाच उभा राहिला.

काशिफाबीला निघायचं तर होतं, पण आधी आपल्या मुलाची किंमत या लोकांना कळायला हवी, असं तिला वाटलं. "माझा कैस दोहाला साधासुधा न्हाय," ती म्हणाली. "मोठमोठे साहेब त्याला विचारल्याबिगर काम करत न्हायत. अडलं की म्हनतात, कैसला बोलवा. चाळीस माळ्यांच्या बिल्डिंगी त्याच्या भरवशावर हायत."

विहिरीचं पाणी खाली गेलं. मोटर कोरडी फिरू लागली.

"नमस्कार," उशीतून आवाज आला. उशीने तो थोडा भरदार झाला होता. "नुसता आवाज. आत काय न्हाय. धन्यवाद."

काशिफाबी उठली. तिने पर्स उचलली, चपला शोधल्या. "तीनच्या जेटीने आमी जातो," ती म्हणाली. "एवढ्या वयात एवढा पानउतारा कुनी केला न्हवता. आनि वर दरवेळी धन्यवाद म्हनतात."

जुनेरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती रडत नव्हती, पण तिने ओढणीचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. सिराजुद्दीनने स्टुलावरून ते पाहिलं. आतापर्यंत त्याला फक्त लाज वाटत होती. आता त्याला भीती वाटली.

तेवढ्यात टाकी संपली.

"नमस्कार. समदं संपवलंत? जरा तरी लाज वाटू द्या. धन्यवाद."

हे मागच्या खोल्यांपर्यंत गेलं. मिनिटभरात मागचं दार (एकाच बिजागरीवर) करकरत उघडलं आणि टॉवेल गुंडाळलेला, डोक्यापासून छातीपर्यंत फेस असलेला एक माणूस आत आला. ग्रुपचा पुढारी. विपुल त्याचं नाव.

"काका," तो एक डोळा मिटून म्हणाला, "पाणी संपलं तर संपलं सांगा. लाज कशाला काढता? आंघोळच करतोय ना आम्ही."

त्याच्या मागे फेसाळलेले आणखी तिघे उभे होते. काशिफाबीने पदर तोंडावर घेतला. एवढा वेळ गप्प बसलेला कैस उठला. तो दाराकडे निघाला नाही. स्टुलापाशी आला.

"चाचा, उशी जरा बाजूला घेता?" त्याने डबी उतरवली, उघडली आणि आत डोकावून बघितलं. "फुल चिप इरेज केलं नव्हतं का?"

"पानापुरतं केलं," सिराजुद्दीन म्हणाला.

"आणि सेटिंगचं पान?"

"ते मोकळंच होतं. पुसून ठेवलं."

कैस पहिल्यांदा हसला. तो दोहाला लिफ्टच्या कंट्रोलरचे प्रोग्राम लिहायचा. कुठल्या मजल्यावर आलात ते सांगणाऱ्या बाया त्याच्याच हाताखाली होत्या. आल्यापासून तो भिंतीकडे बघत होता तो लाजून नव्हे, तर तिथली डबी बघून. दुसऱ्या नमस्कारालाच त्याच्या लक्षात आलं होतं की इथे एका वाक्यात दोन बाया बोलतायत, आणि हे कसं घडलं असेल याचा तो जेवता जेवता विचार करत होता. आईला मध्ये थांबवायची मात्र त्याची छाती झाली नव्हती.

"जुनं असतं तर पाच मिनिटांत परत लिहिलं असतं," तो म्हणाला. "पण चाचांनी बॅकअप घेतला नसेल."

"मी घेतलाय," जुनेरा दारातून म्हणाली. "सोमवारी रात्री अब्बा नमाजला गेले होते तेव्हा."

"तपासून?"

"दोनदा."

कैसने तिच्याकडे बघितलं. फोनवर तो तिच्याशी दोनदा बोलला होता, पण असं काही तिने सांगितलं नव्हतं. ती लॅपटॉप घेऊन आली आणि दोघं टेबलावरची ताटं सरकवून पाच रंगीत वायरी जोडायला बसले. अत्तराचा वास सुटला.

पण काशिफाबी दारातच होती, एका पायात चप्पल घालून. "यंत्र बिघडलं असेल," ती म्हणाली. "बोलनं बिघडलेलं न्हवतं. आवाज ह्या बाईचा हाय. लाज, खानं, नुसता आवाज, हे कुनाला तरी बोललं असेल तेव्हाच आत गेलं ना? कुनाला बोललात?"

रहिमुन्निसा पुढे आली. तिने नवऱ्यापुढे हात केला आणि सिराजुद्दीनने निमूट आपला फोन तिच्या हातावर ठेवला.

"आपा, ह्यातलं एक अक्षर तुमच्यासाठी न्हाय," ती म्हणाली. "हे समदं ह्यांच्यासाठी हाय. खरं वाटत न्हाय तर ऐका."

तिने पहिला मेसेज लावला. शिऱ्याचा, आख्खा. सिराजुद्दीनने पातेल्यातून किती घेतला, कुठल्या चमच्याने घेतला आणि डॉक्टरने काय सांगितलं होतं, सगळं. मग वड्यांचा. मग रंगाचा. मग मिक्सरचा, त्यात मिक्सरच्या आधी दुरुस्त झालेल्या इस्त्रीचाही उल्लेख होता. काशिफाबी दारात उभी राहून ऐकत होती. सातव्या मेसेजला तिने चप्पल काढली. बाराव्याला ती खुर्चीत बसली. विसाव्याला तिने सांदण उचललं आणि यावेळी ते खाली ठेवलं नाही. फेसाळलेले टुरिस्टही जागचे हलले नाहीत. विपुल म्हणाला की तो इस्त्रीवाला परत लावा. सिराजुद्दीन उशी घेऊन स्टुलावर उभा होता. उतरायला कुणी सांगितलं नव्हतं.

"असे किती हायत?" काशिफाबीने विचारलं.

"दोनशे बारा."

"मला पाठवता?" काशिफाबी म्हणाली. "आमच्या दुकानवाल्याला मी इतकी वर्सं बोलतेय, पन मला असं थोडक्यात जमत न्हाय. लांबतं, मग तो झोपतो." तिने सांदणाचा घास घेतला आणि टेबलाकडे बघितलं. तिथे कैस बोटाने स्क्रीनवर काहीतरी दाखवत होता आणि जुनेरा मान हलवून ते चूक असल्याचं सांगत होती. थोड्या वेळाने त्याने मान्य केलं. काशिफाबीने ते मान्य करणं नीट पाहून घेतलं.

"पोरगी तुमच्यावर गेलीय," ती रहिमुन्निसाला म्हणाली. "माझ्या कैसला असंच कुनीतरी पायजे. तारीख काढू या."

रहिमुन्निसाने फोनमधली मेसेजांची यादी वरपासून खालपर्यंत सरकवून बघितली. मग फक्त सिराजुद्दीनला ऐकू जाईल असं म्हणाली, "दोनशे बारा. एकबी काढला न्हाय तुमी?"

"जागा होती," सिराजुद्दीन म्हणाला. (नव्हती.)

तिने त्याला हाताला धरून स्टुलावरून उतरवलं.

कैसने चिप पूर्ण पुसली, जुनेराचा बॅकअप परत लिहिला, आणि कुठला आवाज ठेवायचा ते विचारलं. पाहिजे तर चाचीचाच आवाज नीट, हळू बसवून देतो म्हणाला. रहिमुन्निसाने सांगितलं की तीच हिंदी बाई असू दे. मला काय बोलायचं ते मी माझ्या तोंडाने बोलेन, भिंतीला पगार कशाला. विहिरीत पाणी चढलं, मोटर लागली, आणि साडेचारला टाकी भरल्यावर भिंत अगदी मऊ आवाजात म्हणाली की कृपया निश्चिंत रहिए. तोवर तीनची जेटी कधीच गेली होती. मंडळी शेवटच्या जेटीने गेली, बरोबर सांदणांचा डबा आणि दोनशे बारा मेसेज घेऊन.

लग्न डिसेंबरात ठरलं. सिराजुद्दीनने बाजारात सगळ्यांना सांगितलं की जावईसुद्धा आपल्याच लाइनचा मिळाला, कंट्रोलरवाला. तो चार दिवस असा हवेत होता. पाचव्या दिवशी जुनेराने त्याला फोनवर दाखवलं की बदलापूरच्या विपुलने लॉजवर अभिप्राय लिहिलाय, चार तारे देऊन. सिराजुद्दीनने चष्मा लावून तो मोठ्याने वाचला.

"खोल्या स्वच्छ. मासे ताजे. मालकीणबाई स्पष्टवक्त्या, पण जेवण मनापासून. मुलगी आणि जावई अतिशय हुशार, पाण्याची अडचण लगेच दूर केली. घरात एक वयस्क गृहस्थही असतात. ते काय करतात ते दोन दिवसांत कळले नाही."

त्याने ते मनात पुन्हा एकदा वाचलं. मग फोन जुनेराकडे देत विचारलं, "हे पुसता येतं का?"

"नाही, अब्बा," जुनेरा म्हणाली. "मी तपासलं. बरोबर लिहिलंय."